जोडीदारास काय म्हणावें?

रुग्णालयाच्या खिडकीशीं एक छापील कागद पुढें येतो. रुग्णाचें नांव, वय, पत्ता ह्यांच्या खालीं एक लहानशी रेघ आखलेली असते : ‘रुग्णाशीं नातें’. बहुतेकांची लेखणी तेथें क्षणभरहि थबकत नाहीं. आई, मुलगा, पति, बहीण, असा एक शब्द लिहिला कीं काम भागतें. परंतु ज्या दोघांनीं लग्न न करितां सात-आठ वर्षें एका छपराखालीं संसार केला आहे, त्यांतील एकजण आंत खाटेवर आणि दुसरा बाहेर तो कागद भरीत उभा असला, म्हणजे हा प्रश्न नुसता व्याकरणाचा राहत नाहीं. ‘मित्र’ लिहावें तर आंत सोडतील कीं नाहीं ह्याची शंका. ‘पति’ किंवा ‘पत्नी’ लिहावें तर तें खोटें. आणि खरें तें सांगावयास जावें तर मराठींत सुटसुटीत शब्द सांपडत नाहीं.

ह्या अडचणीचा सगळा दोष नव्या काळावर टाकतां येत नाहीं. लग्नाच्या जोडीदाराला काय म्हणावें, हा प्रश्नहि महाराष्ट्रांत कधीं सरळपणें सुटलेला नव्हता. किंबहुना, सर्वांत जवळच्या माणसाचें नांव शक्य तों घेऊं नये, ह्याच पायावर येथील घरगुती भाषा उभारलेली होती. ज्यांचें नांव उच्चारूं नये अशांची यादी एका जुन्या संस्कृत श्लोकांत दिलेली आहे : आपण स्वतः, गुरु, अतिशय कृपण मनुष्य, ज्येष्ठ अपत्य आणि कलत्र. कृपणाच्या पंक्तीला कलत्र कसें येऊन बसलें, हें त्या श्लोककर्त्यालाच ठाऊक. लक्षांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, हा नियम पुरुषाला लागू होता. व्यवहारांत मात्र त्याचें ओझें बायकांच्याच जिभेवर राहिलें. नवऱ्याचें नांव घेतलें तर त्याचें आयुष्य उणें होतें, ही समजूत घरोघर होती. बायकोचें नांव घेतल्यानें तिचें आयुष्य उणें होतें, ह्या भीतीनें गप्प बसणारा नवरा क्वचितच कोणीं पाहिला असेल.

संस्कृत भाषेनें ह्या नात्यासाठीं शब्द पुष्कळ दिले, आणि एकेका शब्दांत एकेक व्यवस्था दडलेली आहे. ‘भर्ता’ आणि ‘भार्या’ हे दोन्ही एकाच ‘भृ’ धातूचे. परंतु पहिला म्हणजे पोसणारा, आणि दुसरी म्हणजे जिला पोसावयाचें ती. ‘पत्नी’ ह्या रूपाचा संबंध पाणिनीनें यज्ञाशीं लावला आहे. यज्ञकर्मांत जी पतीसह अधिकारी ती पत्नी. ‘दंपती’ ह्या शब्दांत घर ह्या अर्थाचा फार जुना ‘दम्’ शब्द आहे, म्हणजे तेथें घराचे धनी दोघेहि. व्याकरणाची गंमत तर ह्याहून मोठी. ‘भार्या’ स्त्रीलिंगी, ‘कलत्र’ नपुंसकलिंगी, आणि ‘दार’ हा शब्द पुल्लिंगी, तोहि नेहमीं अनेकवचनी. बायको एकच, पण ती तिन्ही लिंगांत वावरते !

मराठीनें हा वारसा लग्नपत्रिका आणि ग्रंथ ह्यांसाठीं राखून ठेविला आणि रोजच्या वापराचे शब्द स्वतः घडविले. ‘नवरा’ हा शब्द ‘नववर’ ह्यापासून आला असें मानितात. म्हणजे बोहल्यावर उभा राहिलेला नवा वर. लग्नाच्या दिवशीं एक नवरा असतो आणि एक नवरी असते. नवरीचें नवरीपण चार दिवसांत ओसरतें आणि ती बायको होते. नवरा मात्र केस पिकले, दांत पडले, तरी नवराच राहतो. ‘बायको’ ह्या शब्दाची तऱ्हा निराळी. त्याचें अनेकवचन ‘बायका’. आणि आगगाडींतील ‘बायकांचा डबा’ कोणाच्या पत्नींसाठीं राखलेला नसतो, तो स्त्रीमात्रासाठीं असतो. स्त्री आणि पत्नी ह्या दोन गोष्टींना मराठीनें एकाच शब्दांत बसविलें. कोंकणांत ‘घोव’ आणि ‘बायल’ हे शब्द चालतात. गोव्याच्या कोंकणींत त्यांच्या जोडीला ‘घरकार’ आणि ‘घरकान्न’ आहेत, आणि त्यांत दोघांनाहि घराच्याच नात्यानें ओळखिलें आहे. देशावर ‘दादला’ होता. एकनाथांच्या एका प्रसिद्ध भारुडांतील बाईची सारी तक्रार ह्या दादल्याविरुद्ध आहे.

हे शब्द भाषेंत होते, पण सभ्य घरांत ते तोंडांतून काढणें जड जाई. मग आडवाटा निघाल्या. शेतकऱ्याची बायको ‘कारभारी’ किंवा ‘धनी’ म्हणे, दुकानदाराची ‘मालक’ म्हणे, आणि ब्राह्मणाच्या घरांत ‘यजमान’ म्हणत. ‘यजमान’ म्हणजे मूळचा यज्ञ करणारा. तो यज्ञ कधींच विझला आणि यजमान कचेरींत कारकुनी करूं लागले, तरी शब्द टिकला. पुरुषांच्या आडवाटा ह्याहून लांबच्या. ‘कुटुंबाला ताप आहे’ असें एखाद्या गृहस्थानें सांगितलें तर घरांतील सर्व माणसें अंथरुणाला खिळलीं आहेत असें नव्हे. त्याची बायको आजारी आहे इतकाच त्याचा अर्थ. ‘मंडळी माहेरीं गेली आहे’ ह्यांतील मंडळी एकच असे. ‘बिऱ्हाड’ आणि ‘खटलें’ हे शब्दहि ह्याच कामीं येत. एका माणसाचा उल्लेख टाळण्यासाठीं आख्खें घर पुढें करावयाचें, अशी ही रीति होती.

सर्वनामांनीं तर कमालच केली. ‘हे’ हें सर्वनाम जवळच्या वस्तूचें, ‘ते’ दूरच्या वस्तूचें, असें शाळेंत शिकवितात. परंतु नवरा मुंबईस आणि बायको साताऱ्यास असली, तरी पत्र ‘ह्यांचें’ येई, ‘त्यांचें’ कधींहि येत नसे. समोर असतांना बोलावयाची वेळ आली म्हणजे आणखी पंचाईत. ‘तुम्ही केव्हां आलांत?’ हा प्रश्नहि फार सरळ वाटे. म्हणून ‘इकडून येणं केव्हां झालं?’ असें विचारावयाचें. ह्या वाक्यांत येणारा माणूसच नाहीं; केवळ एक दिशा आहे आणि एक क्रिया आहे. ‘इकडची स्वारी’ हा प्रयोगहि त्यांतलाच. ज्याच्याशीं जन्म काढावयाचा, त्याला वाक्याच्या कर्त्याच्या जागीं बसविण्याचें धैर्य भाषेंत नव्हतें.

ह्या रीतीचा ठसा मराठींतील आत्मचरित्रांवर उमटलेला आहे. रमाबाई रानडे ह्यांचें ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ हें पुस्तक १९१० सालीं निघालें. न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे ह्यांच्याविषयीं इतकें जवळून लिहिलेलें दुसरें पुस्तक नाहीं. पण त्यांत पतीला नांवानें संबोधण्याचें पाऊल रमाबाईंनीं टाकिलें नाहीं. कॅथरीन गेट्स ह्यांनीं १९३८ सालीं त्याचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला, तेव्हां त्याला नांवच ‘हिमसेल्फ’, म्हणजे ‘स्वतः’, असें दिलें. नांव न घेण्याची चाल अशा रीतीनें पुस्तकाच्या मुखपृष्ठावर जाऊन बसली. १९३४ पासून लक्ष्मीबाई टिळकांचीं ‘स्मृतिचित्रें’ प्रसिद्ध होऊं लागलीं. लक्ष्मीबाईंनीं आपल्या कविपतीला पुस्तकभर ‘टिळक’ म्हटलें आहे. ना ‘हे’, ना ‘स्वारी’, ना ‘यजमान’. नुसतें आडनांव, जसें एखादा स्नेही किंवा टीकाकार लिहील तसें. त्या एका शब्दामुळें नवऱ्याचे गुण आणि त्याचा विक्षिप्तपणा दोन्ही मोकळेपणानें सांगण्याइतकें अंतर त्यांना मिळालें, आणि ‘स्मृतिचित्रें’ वाचतांना जें प्रसन्न वाटतें त्याचा कांहीं भाग तरी ह्या अंतराचा आहे.

ह्या सगळ्याची दुसरी बाजू अशी कीं, जिनें नवऱ्याचें नांव घ्यावयाचें नाहीं, तिचें स्वतःचें नांवहि सासरीं पुसलें जाई. लग्नांत ताम्हनांत तांदूळ पसरून त्यांवर अंगठीनें नवें नांव लिहीत. यमुना नांवाची मुलगी जोश्यांच्या घरीं जाऊन आनंदीबाई झाली आणि त्याच नांवानें १८८६ सालीं अमेरिकेंत डॉक्टर झाली. मनकर्णिका गोखले हिची लक्ष्मीबाई टिळक झाली. आणि इतकें समारंभानें ठेविलेलें हें नवें नांव तरी कोण हाकीत असे? नवरा ‘अगं’ म्हणून हांक मारी आणि बायको ‘अहो’ म्हणून ओ देई. मूल झालें म्हणजे ती अमक्याची आई आणि तो अमक्याचे बाबा. मुलाच्या नांवाचा असा दोघांनाहि आधार सांपडे. श्रोत्यांपैकीं अनेकांच्या घरीं आजी-आजोबांची सारी बोलणीं ‘अहो, ऐकलंत का?’ ह्या एका दाराशीं सुरू झालेलीं असतील. ‘अहो’ आदराचें आणि ‘अगं’ सलगीचें. एक ‘तुम्ही’च्या घरचें, दुसरें ‘तू’च्या घरचें. प्रेमाचें प्रमाण दोन्हीकडे सारखें असेलहि, पण मान एकाच बाजूला होता.

बंदी कडक असली म्हणजे तिला एक झरोका ठेवावा लागतो. उखाणा हा तो झरोका. ह्या शब्दाचा जुना अर्थ कोडें असा आहे. मंगळागौरीला, डोहाळजेवणाला, हळदीकुंकवाला किंवा नव्या नवरीनें उंबरठ्यावरील माप ओलांडतांना तिच्याकडून नांव ‘घेवविण्याचा’ आग्रह होई. तिनें फुलांपासून देवादिकांपर्यंत कशाचीहि ओळ जुळवावी आणि शेवटीं यमकाच्या ओघांत नवऱ्याचें नांव घालून मोकळें व्हावें. एरव्हीं जें नांव घेणें पाप, तेंच पद्यांत आणि चारचौघींच्या देखत घेतलें म्हणजे कौतुकाचें होई. पुढें पुरुषांनाहि नांव घेण्याचा आग्रह होऊं लागला. पण त्यांचे उखाणे बहुधा दुबळे असतात. ज्याला बंदी नव्हती त्याला चातुर्याची गरज तरी कोठून वाटणार?

शहरांत इंग्रजी आली आणि तिनें आणखी एक आडवाट दाखविली. ‘मिस्टर’ आणि ‘मिसेस’ हीं इंग्रजींत नांवामागें लावावयाचीं बिरुदें. मराठीनें त्यांचीं चक्क नामें केलीं. ‘माझे मिस्टर बँकेंत आहेत’, ‘आमच्या मिसेसना विचारतों’ हीं वाक्यें कोणा इंग्रजाला उमगलीं नसतीं, पण पुण्यामुंबईच्या चाळींत तीं पिढ्यान्‌पिढ्या चाललीं. पुढें कॉलेजांत ओळख होऊन लग्नें होऊं लागलीं, आणि लग्नापूर्वीं ज्याला ‘अरे’ म्हटलें त्याला लग्नानंतर ‘अहो’ कसें म्हणावें, असा पेच पडला. कित्येक घरांत तोड निघाली ती अशी कीं, सासूसमोर ‘अहो’ आणि खोलीचें दार लागलें कीं ‘अरे’. आज सुशिक्षित स्त्री ‘माझा नवरा’ असें एकवचनांत सहज म्हणते. तिच्या आजीला ‘नवरा’ हा शब्दच गांवढळ वाटला असता, आणि त्यांतून एकवचन !

येथपर्यंतची सारी कथा लग्न झालेल्यांची. लग्नावांचून एकत्र राहणाऱ्यांसाठीं भाषेच्या कोठारांत पाहिलें तर काय मिळतें? ‘रखेली’, ‘ठेवलेली’, ‘अंगवस्त्र’, पेशवाईंतील ‘नाटकशाळा’. पुरुषासाठीं फार तर ‘यार’. हे शब्द नुसते कठोर नाहींत. त्यांतील बहुतेक एकट्या स्त्रीलाच चिकटणारे आहेत, आणि ‘ठेवलेली’ म्हटल्याबरोबर ठेवणारा कोणीतरी मालक आहे हें गृहीत धरलें जातें. दोघांनीं बरोबरीनें पत्करलेल्या सहवासाचा विचारच त्यांत नाहीं. ‘प्रियकर’ आणि ‘प्रेयसी’ हे शब्द स्वच्छ आहेत, पण ते कादंबरींतून बाहेर येण्यास तयार नाहींत. विजेचें बिल भरणारा आणि दळण आणणारा माणूस प्रियकर कसा म्हणवून घेणार?

शब्दांची ही उणीव न्यायालयांपर्यंत पोहोंचली आहे. घरगुती हिंसाचारापासून स्त्रियांचें संरक्षण करणाऱ्या २००५ च्या कायद्यानें विवाहाच्या बरोबरीनें ‘विवाहाच्या स्वरूपाचें नातें’ अशी एक कोटि मानली आणि अशा नात्यांतील स्त्रीलाहि दाद मागण्याचा अधिकार दिला. त्या शब्दांचा अर्थ ठरवितांना सर्वोच्च न्यायालयानें २०१० सालच्या एका निकालपत्रांत ‘ठेवलेली’ ह्या अर्थाचा ‘कीप’ हा इंग्रजी शब्द वापरला, आणि त्यावर अतिरिक्त सॉलिसिटर जनरल इंदिरा जयसिंग ह्यांनीं न्यायालयांतच हरकत घेतली. पुढें २०२३ सालीं त्याच न्यायालयानें स्त्रियांविषयींच्या साचेबंद शब्दांवर एक पुस्तिका काढिली, आणि असला शब्द टाळण्यास सुचविलें. पर्याय म्हणून जें दिलें तें मात्र एक लांबलचक वाक्यखंड होतें : जिच्याशीं पुरुषाचे विवाहबाह्य प्रणयसंबंध किंवा शरीरसंबंध आले अशी स्त्री. अपमान गेला हें खरें. पण एवढें बोलून होईपर्यंत कागद भरावयाची खिडकी बंद व्हावयाची. स्वीडनमध्यें ‘एकत्र’ आणि ‘राहणें’ ह्या दोन अर्थांची जोड करून ‘साम्बो’ असा दोन अक्षरांचा शब्द रूढ झाला आणि १९८७ च्या कायद्यांतहि तो आला. तेथें तो उच्चारतांना कोणाची मान खालीं जात नाहीं.

मराठींत सध्यां जे शब्द पुढें येतात त्यांची परीक्षा करून पाहण्यासारखी आहे. ‘सहचर’ आणि ‘सहचारिणी’ शुद्ध व सुंदर, पण मृत्युलेखांत वाचून-वाचून ते फार गंभीर झाले आहेत. ‘मित्र’ म्हटलें तर तो साऱ्या गांवाचा असतो. शेजारच्या गुजराथेंत एकेकाळीं ‘मैत्रीकरार’ नांवाचे दस्तऐवज होत. विवाहित पुरुष दुसऱ्या स्त्रीशीं राहण्यासाठीं ते करी, आणि मैत्रीसारख्या निर्मळ शब्दाला त्यामुळें डाग लागला. ‘जोडीदार’ हा त्यांतल्या त्यांत बरा. त्याचा ‘दार’ फारसी आहे, संस्कृत ‘दारा’शीं त्याचा संबंध नाहीं, कुस्तींत, पत्त्यांत, संसारांत सर्वत्र तो चालतो, आणि लग्न झालें कीं नाहीं ह्याची चौकशी करीत नाहीं. तरुण मंडळी मात्र सर्रास ‘पार्टनर’ म्हणतात. पूर्वीं हा शब्द ऐकला कीं गिरणी किंवा दुकान डोळ्यांसमोर येई. आतां स्वयंपाकघरहि येतें.

परंतु येथें मराठीचें व्याकरण आडवें येतें. इंग्रजींत ‘पार्टनर’ म्हटल्यावर तो पुरुष कीं स्त्री, हें बोलणाऱ्याला झांकून ठेवितां येतें. मराठींत ‘माझा’ किंवा ‘माझी’ म्हणावेंच लागतें. आदरार्थी अनेकवचनाचा आश्रय घेतला तरी सुटका नाहीं. तेथें ‘माझे’ आणि ‘माझ्या’ हा भेद उभाच आहे. दोन पुरुष किंवा दोन स्त्रिया एकत्र राहत असतील, तर शेजाऱ्यांशीं बोलतांना एका स्वरानें सारें घर उघडें पडतें. अशा संबंधांना गुन्हा ठरविणारी तरतूद सर्वोच्च न्यायालयानें ६ सप्टेंबर २०१८ रोजीं निष्प्रभ केली. तरी गुन्हा नसणें निराळें आणि जिन्यांत उभें राहून सांगतां येणें निराळें. मौज अशी कीं, जुन्या आडवाटा येथें अधिक उपयोगी आहेत. ‘कुटुंब’ नपुंसकलिंगी आहे. ‘माणूस’ हा शब्दहि मराठी बोलण्यांत नपुंसकलिंगी होऊं शकतो : ‘घरचें माणूस’, ‘जवळचें माणूस’, ‘आपलें माणूस’. ह्यांत स्त्रीपुरुषभेद नाहीं, लग्नाचा दाखला नाहीं, मालकीहि नाहीं. आणि ऊब आहे ती ‘पार्टनर’मध्यें शोधूनहि सांपडावयाची नाहीं. दोष एवढाच कीं, आपलें माणूस भाऊहि असतो, मावशीहि असते, आणि कचेरींत तर ओळखीच्या कारकुनालाहि ‘आपलं माणूस’ म्हणतात.

कागदांच्या जगांत थोडी हालचाल झाली आहे. १७ ऑक्टोबर २०२३ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला. पण त्यानंतर २०२४ सालीं केंद्र सरकारनें असें स्पष्ट केलें कीं, अशा जोडप्यांना बँकेंत संयुक्त खातें उघडण्यास आणि एकमेकांस नामनिर्देशित करण्यास कोणतीहि आडकाठी नाहीं. शिधापत्रिकेसाठीं त्यांना एकाच घरचीं मानावें अशीहि सूचना राज्यांना गेली. २०१७ च्या मानसिक आरोग्यविषयक कायद्यानुसार प्रौढ व्यक्तीला आपला नामनिर्देशित प्रतिनिधि साध्या कागदावर लिहून व सही करून नेमतां येतो, आणि तो नातेवाईकच असला पाहिजे असा नियम नाहीं. अशा ठिकाणीं नांव पुरतें, नात्याचा शब्द लागत नाहीं. ज्या समाजांत नातें सर्वांना ठाऊक असे आणि नांव तेवढें उच्चारावयाचें नसे, त्याच समाजांत आतां नांव खुशाल लिहितां येतें आणि नात्याला शब्द सांपडत नाहीं. रुग्णालयाच्या त्या कागदावर मात्र रेघ अजून तशीच आहे. कोणी तेथें ‘पार्टनर’ लिहितो, कोणी ‘मित्र’ लिहून खोडतो, कोणी ‘पत्नी’ लिहून मोकळा होतो. आणि रांगेंत मागें उभीं असलेलीं माणसें घाई करीत असतात.